दर चार तासांनी

"ती पिशवी दिसू दे."

भाऊसाहेब माईकवर बोलत नव्हते, तरी पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलं. कॉलेजच्या मंडपात मी भाऊसाहेबांनी दिलेल्या नव्या व्हीलचेअरवर बसले होते. माझी लघवीची पिशवी खुर्चीखाली दांडीला अडकवलेली होती. ती दिसू नये म्हणून आईने सकाळीच ओढणी खाली सोडून टाचून दिली होती. दोन टाचण्या.

फोटोवाला म्हणाला, "ओढणीनं खुर्ची झाकून जाऊन राह्यली, सायेब."

"मंग काढा ओढणी. ती पिशवी दिसू दे. लोकांना कळायला पाहिजे, पोरीची काय अवस्था आहे ते."

एक सर खाली वाकले. त्यांनी टाचण्या काढल्या, पिशवी सोडवली आणि माझ्या मांडीवर ठेवली. अर्धी भरलेली होती. कमरेखाली मला काही कळत नाही, पण हाताला ती कोमट लागली. भाऊसाहेबांनी खुर्चीच्या मुठीवर हात ठेवला. टाळ्या झाल्या. मी हात जोडले.

हे मुद्दाम लिहिते आहे. हात जोड, असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

भाऊसाहेब आमच्या गावचे. तीर्थपुरीच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाच्या दोन्ही अंगांना त्यांची जमीन. तालुक्याला मी शिकते त्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्षही तेच. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. दिवाळीच्या सुट्टीत मी आईबरोबर त्यांच्याच शेतात कापूस वेचायला जात होते. संध्याकाळी ट्रॉलीत कापूस तुडवून तुडवून भरायचा आणि त्या ढिगावर बसून बायकांनी गावात यायचं, अशी रीतच होती. खाली बसायला जागा नसायची. त्या दिवशी चाक पाण्याच्या चारीत गेलं. मी पाठीवर पडले, बांधाच्या दगडावर.

ट्रॉली भाऊसाहेबांची होती. मंडपात हे कोणी बोललं नाही. मीपण नाही.

लघवीची नळी मला शहरातल्या दवाखान्यात घातली. तेव्हा विचारायची वेळ नव्हती, मी शुद्धीत नव्हते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पुढे मी शुद्धीवर आले, उठून बसायला लागले, घरी आले, तरी ती नळी का आहे, किती दिवस राहणार, दुसरं काही असतं का, हे कोणी बोललं नाही. महिन्याला जायचं, बदलून यायचं.

घरी आईने पिशवी खुंटीला टांगली. माझ्या बाजेच्या वर, उंच. आमची खोली एकच. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात देव. तसली वस्तू देवाच्या भुईला टेकू द्यायची नाही, असं तिच्या मनात होतं. शिवाय दवाखान्यात तिने सलाईनची बाटली वर टांगलेली पाहिली होती. मी पडल्या पडल्या अकरा दिवस ती पिशवी बघत होते. मी बारावी सायन्स केलेली. पाणी खाली वाहतं हे मला माहीत होतं. तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

बाराव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. परत दवाखान्यात भरती केलं.

डॉक्टर आईला म्हणाले, "पिशवी वर टांगतात का? लघवी उलटी आत जाते. अक्कल आहे का काही?"

आई म्हणाली, "सायेब, सलाईन वरच असतंय ना."

मागे उभे असलेले शिकाऊ डॉक्टर हसले. त्यांचं पाहून आईपण हसली. हसायचं असतं, असं तिला वाटलं असावं. मी भिंतीकडे तोंड केलं. मला लाज वाटली नाही, रागही आला नाही. कमरेखाली जसं होतं तसंच वर छातीपर्यंत आलं होतं.

"यांना स्वच्छता जमणार नाही," डॉक्टर शिकाऊंना म्हणाले. "पुढच्या खेपेला पोटातून थेट मूत्राशयात नळी टाकून देऊ. कायमची."

मी तिथेच होते. बाजेवर. जागी.

शेजारच्या बाजेवर नसीमा आपा होत्या. परतूरच्या. शिलाई करतात. बऱ्याच वर्षांपूर्वी गच्चीवरून पडल्या, आता कमरेखालच्या जखमेसाठी भरती होत्या. त्यांच्या बाजेला पिशवी नव्हती. ठरल्या वेळी पडदा ओढून घ्यायच्या आणि थोड्या वेळाने साबणाचा वास मागे ठेवून परत दिसायच्या. मी दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी विचारलं.

"चार घंटे झाले की नळी घालते, मोकळी होते, नळी काढून ठेवते," त्या म्हणाल्या. "दिवसभर अंगाला काही लटकत न्हाई. तुझे हात चालतेत ना बराबर?"

"चालतेत."

"मंग शिकता येतंय."

"पोटातली नळी वाईट असती का, आपा?"

"वाईट कशाला? माझ्या ओळखीत एक जण आहे, मानेपासून गेलेला. हात चालत न्हाईत. त्याला तीच बरी. कोणाला पिशवीच बरी. हातानं करायचं म्हणजे वेळ पाळावी लागती, पाणी मोजून प्यावं लागतंय, सारखा साबण. ताप यायचा तो त्याच्यात बी येतोय कधी. सोपं बिलकुल न्हाई." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पण तुला काय पाहिजे, हे विचारलं का कोणी?"

"न्हाई."

"मंग ठरलं कसं काय, बेटा?"

 मी तशीच पिशवी घेऊन घरी आले. जूनमध्ये कॉलेज उघडलं, तो मंडप झाला, तो फोटो निघाला.

फोटो त्याच दिवशी गावाच्या ग्रुपवर आला. मांडीवर पिशवी, बाजूला भाऊसाहेब, माझे हात जोडलेले. खाली किती तरी लोकांनी अजून हात जोडले होते. शेजारच्या काकूंनी आईला मोबाईल दाखवला. आईला वाचता येत नाही. तिने फोटो खूप वेळ पाहिला, मग मला एवढंच विचारलं,

"टाचण्या कुठं गेल्या?"

"काढल्या."

"कोणी?"

"सरांनी."

"तुला इचारून?"

मी नाही म्हणून मान हलवली. आई उठून भाकरी थापायला बसली. नसीमा आपांनी विचारलेलं आणि आईने विचारलेलं एकच होतं, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या अंगाला नळी लावताना कोणी विचारलं नाही, आणि झाकलेलं उघडताना पण नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टर आईला म्हणाले, "भाऊसाहेबांचा फोन आला होता. पोटातल्या नळीसाठी नंबर लावून टाकलाय. उद्याच."

 दवाखान्यात मी आजपर्यंत दुखतं की नाही एवढंच बोलले होते.

"डॉक्टर, मला न्हाई करायचं ते. मला हातानं नळी घालायला शिकवा."

"घरी संडास आहे?"

"आहे. दाराला पडदा आहे."

"आणि इन्फेक्शन झालं तर? मागच्या वेळी पाहिलं ना काय केलं होतं तुम्ही?"

"पिशवी खाली ठेवायची असती, हे माझ्या आईला कोणी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.  "तुम्ही सांगितलं, त्या दिवसापासून एकदाही वर गेली न्हाई. सांगून बघा आम्हाला. आम्ही ऐकतोत."

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी मूत्राशयाची तपासणी लिहिली. तपासणी ठीक आली. रोज घ्यायची एक गोळी दिली आणि सिस्टरला बोलावलं.

सिस्टरने तीन दिवस शिकवलं. हात धुवायचे, पाय लांब करायचे, मध्ये आरसा धरायचा. पहिल्या दिवशी अर्धा तास गेला आणि चादर ओली झाली. दुसऱ्या दिवशी मी आरशात नुसती बघत बसले. वीस वर्षांची होईपर्यंत मी माझंच अंग कधी पाहिलं नव्हतं. ज्यांनी नळ्या घातल्या, त्या सगळ्यांनी पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी जमलं.

मी माझ्या वेळा ठरवल्या. सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, सात, झोपायच्या आधी एकदा. आई सकाळी तांब्या भरून देते, त्याच्यावरून पाणी मोजते. साबण संपायच्या आत नवा आणते.

राहिलं कॉलेज. अकराच्या वेळेला तिथे जागा पाहिजे. ग्रंथालयाच्या मागे अपंगांसाठी नवं स्वच्छतागृह बांधून तयार होतं. रुंद दार, कडेला दांडी, नळाला पाणी. पण दाराला कुलूप, आणि कुलपाच्या वर लाल फीत. उद्घाटन झालेलं नव्हतं.

प्राचार्य म्हणाले, "भाऊसाहेबांची तारीख मिळू दे. त्यांच्या हातानं व्हायचंय."

आमच्याकडे हे असंच असतं. बोअरचं पाणीपण नारळ फुटेपर्यंत कोणी पीत नाही. मी तीन आठवडे पहिले दोन तास करायचे आणि रिक्षाने घरी परत यायचे. इतिहासाचा तास रोज बुडायचा. एक दिवस उशीर झाला आणि रिक्षातच कपडे ओले झाले.  दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्याने सीटवर प्लास्टिक टाकून ठेवलं होतं.

मग तारीख मिळाली. वेळ दहाची. मला दारापुढे बसवलं, मांडीवर नारळाचं ताट दिलं. टाचण्या काढणारे तेच सर तिथे होते. शिपायाने कुलूप काढून ठेवलं होतं, राहिली होती फक्त फीत. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. भाऊसाहेब नव्हते.

अकराला मी म्हणाले, "सर, माझी वेळ झाली."

"दहा मिनिटं थांब. गाडी निघालीय."

"मला थांबता येत न्हाई, सर."

"अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं!"

मी ताट त्यांच्या हातात दिलं. फितीची गाठ सैल होती, ओढली तशी सुटली. मी खुर्ची आत घेतली, दार लावलं, आतून कडी घातली.

हात धुतले. नळी आणि आरसा माझ्या दप्तरात होताच. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, मग भाऊसाहेबांचा.

"फीत कोणी काढली रे? आत कोण आहे?"

कोणीतरी दार वाजवलं. मी नळी नीट बसवली. घाई केली नाही. मोकळी झाले. नळी धुतली, हात धुतले, कपडे सारखे केले. मग कडी काढली.

सगळे उभे होते. फोटोवाला पण.

"पाच मिनिटं दम निघत न्हाई का गं पोरी?" भाऊसाहेब म्हणाले. "चल, फीत परत बांधू. फोटो तरी होऊ दे."

"फोटो काढायचा न्हाई," मी म्हणाले. हात जोडले नाहीत. ते खुर्चीच्या चाकांवर होते.

मी इतिहासाच्या तासाला गेले. वीस मिनिटं उशीर झाला होता. इतिहासाच्या सरांनी हजेरी लावली.

तीनला परत गेले तेव्हा कोणीतरी फीत पुन्हा बांधून ठेवली होती. ती मी पुन्हा सोडली. रोज बांधली तर रोज सोडीन. कुलूप लावलं तर तोडीन. आणि इथून पुढे माझ्या अंगाला, माझ्या कपड्याला हात लावायच्या आधी मला विचारायचं. डॉक्टरने विचारायचं. भाऊसाहेबाने विचारायचं. मी नाही म्हणाले तर हात मागे घ्यायचा.