धाकट्याचा फोन
चूक माझीच होती. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघं भाऊ एकाच कंदिलावर शिकलो. धाकटा नांदेडला हृदयरोगतज्ज्ञ झाला; मी लातुरात क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत त्याच्यावर जळत राहिलो.

पायाला प्लास्टर असलेल्या बायकोला दम लागला, तेव्हा तो फोनवर म्हणाला, "दादा, फुप्फुसात रक्ताची गाठ असंल. वहिनीला आत्ताच दवाखान्यात ने."

"अरे, फुप्फुस मी रोज शिकवतो. दमा हाय तिला!"

दुसऱ्या दिवशी ती कोसळली. अँब्युलन्सने नांदेडला नेल्यावर धाकट्यानेच मांडीच्या शिरेतून बारीक नळी फुप्फुसापर्यंत नेऊन गाठ ओढून काढली. तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला.

ती बोलू लागल्यावर मी म्हणालो, "त्यानं आधीच सांगितलं होतं. जळफळाटात मी तुझा जीव धोक्यात घातला. मला माफ कर."