बाबांचे टाळ

दोष डोमाजी गुरुजीचा. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचे किस्से ऐकून तुम्ही हसाल आणि हसता हसता त्याला माफ करून टाकाल. आमच्या गावानं आजवर तेच केलंय. मी त्याला अहो-जाहोसुद्धा करणार नाही.

राइस मिलच्या मागं कोंड्याचा ढीग असतो ना? तो कोणी मुद्दाम रचत नाही. तांदूळ निघत राहतो, ढीग वाढत राहतो. माझ्याकडे हे किस्से तसेच साचले.

इंजिनीअरिंग मी दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि आमगावजवळच्या आमच्या गावात परत आलो. सोबत एक लॅपटॉप आणि एक हेडफोन. दर रविवारी दुपारी मारुतीच्या देवळात भजन मंडळ बसायचं. डोमाजी त्याचा अध्यक्ष, रिटायर्ड हेडमास्तर. पहिल्याच रविवारी सगळ्यांसमोर मला म्हणाला, "कालेज त सोडलंस. आता निदान आमचं भजन रेकॉर्ड कर. अन् साफ कर. गाणं सोडून बाकी सगळा आवाज काढून टाक."

चार वर्षं मी तेच केलं.

*

देवळाच्या मागून रेल्वेलाइन जाते. ज्ञानीरामकाका आमचा गायक. एका रविवारी काका डोळे मिटून गात होता आणि मागून मालगाडीनं भोंगा दिला, चांगला लांब. भोंगा काकाच्या सुरापेक्षा जरासा वर होता. काका नकळत वर सरकला, भोंग्याला जाऊन मिळाला आणि गाडी जाईपर्यंत तिथंच राहिला. देवळात कोणाला काही खटकलं नाही. उलट माना डोलल्या.

मी दोन दिवस बसून तो भोंगा काढला. काम इतकं साफ झालं की मलाच माझं कौतुक वाटलं. मग सगळ्यांना ऐकवलं. काका छान गातोय, गातोय, आणि मध्येच काही कारण नसताना आख्खा बेसूर. थोड्या वेळानं परत जागेवर.

डोमाजी म्हणाला, "ज्ञानीराम, हे काय होऊन राहिलं गा तुले?"

काकानं माझ्याकडे बोट केलं. "मले काही नाही झालं. यानं माझा जोडीदार काढला."

*

देवळाचा पंखा कुईकुई करायचा. एप्रिलमधल्या एका भजनातून मी तो काढला. ज्ञानीरामकाकानं हेडफोन लावला, दोन मिनिटं ऐकलं आणि गळ्याचा घाम पुसला. "गाणं चांगलं हाय. पण ऐकताना गरम होऊन राहिलं."

*

आता डोमाजी. हा माणूस माइक दिसला की राहू शकत नाही. भजन ऐन रंगात आलं की उठणार, गाणाऱ्याच्या पुढ्यातला माइक स्वतःकडे वळवणार. "पोलीस पाटील आताच आलेले आहेत, त्यांनी पुढं येऊन बसावं. ज्याची मोटरसायकल दारात आडवी लागली आहे त्यानं ती सरळ करावी." सगळे हात थांबवून बसायचे. टाळ वाजवणारे माझे बाबा सोडून. ते शेवटी थांबायचे, त्यामुळे त्या शांततेत त्यांचे टाळ एकदा एकटेच वाजायचे. छन्न.

मी दोन्ही आवाज काढले, डोमाजीचाही आणि ते छन्नही. दुसऱ्या दिवशी डोमाजी घरी.

"माझा आवाज कुठं हाय?"

"गुरुजी, तुमीच म्हणाले, गाणं सोडून बाकी सगळं काढ."

"मी बाकी हाव काय रे?"

परत टाकायला लावला. त्यामुळे आमच्याकडे एक असं भजन आहे की ज्यात देवाला हाक मारून झाल्यावर मोटरसायकल सरळ होते. ते छन्न मात्र डोमाजीनं परत टाकू दिलं नाही. म्हणाला, "तुझ्या बापाचे टाळ नको. तेच त खरी अडचण हाय."

*

बाबांबद्दल सांगतो. बाबा राइस मिलमध्ये मशीनवर होते. त्या धडधडीत उजवा कान पूर्ण गेला आणि डावा निम्मा. मंडळात त्यांना ज्ञानीरामकाकाचं गाणं नीट ऐकू यायचं नाही, म्हणून ते त्याच्या ओठांकडे बघून टाळ वाजवायचे. ओठ हलले की टाळ. त्यामुळे ते कायम अर्धी मात्रा मागं. शेजारी किसनकाका टाळ घेऊन बसायचा, त्याचे बरोबर पडायचे.

बत्तीस वर्षं ही माणसं एका सतरंजीवर बसली. एकाचीही बाबांना तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. ते काम त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवर टाकलं. डोमाजी म्हणाला, "त्याले नको सांगू. वाईट वाटन. तू घरी बसून काढत जा."

स्क्रीनवर आवाज चित्रासारखा दिसतो. टाळ म्हणजे उभी चमकदार रेघ. आमच्या भजनात अशा दोन-दोन रेघा असायच्या. पुढची किसनकाकाची आणि तिला चिकटून, जरा मागं, बाबांची. मागची धरायची, पुसायची. एका भजनात चारशे-पाचशे. पहिल्यांदा आठवडा लागला, नंतर नंतर दोन दिवसांत व्हायला लागलं. माझ्यासारखं काम जिल्ह्यात कोणाला जमलं नसतं, हे मी आजही सांगतो.

*

मी कॉलेज सोडल्याचं बाबांना सांगितलं तेव्हा ते सायकलची चेन बसवत होते. "बरं," म्हणाले. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी जवळ जाऊन डाव्या कानाशी मोठ्यानं सांगितलं. आजूबाजूच्या चार घरांना कळलं.

बाबा चेन बसवत राहिले. "ऐकलं मी. बरं म्हटलं ना."

गावात बाकीच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी मला तासतासभर सुनावलं होतं. मला तेव्हा बाबांचाच जास्त राग आला. रेघा पुसताना तो राग कामाला यायचा.

*

ज्ञानीरामकाकाला त्याचा जोडीदार पाहिजे होता. "भोंगेवालं दे," म्हणून मागंच लागला. मी त्याला मूळ रेकॉर्डिंग पाठवलं, न साफ केलेलं. त्यानं ते सालेकशाच्या व्याह्याला पाठवलं, व्याह्यानं तिथल्या भजन मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. चार दिवसांनी तिकडून डोमाजीला निरोप: "गुरुजी, तुमच्याकडं टाळ दोनदा वाजवायची पद्धत हाय काय?"

डोमाजी धोतर सावरत माझ्या खोलीत आला आणि खुर्ची ओढून शेजारी बसला. "मूळ आवाज कुठं ठेवतोस? काढ. सगळे काढ. माझ्यासमोर."

"काऊन गुरुजी? ठेवले त काय बिघडते?"

"मंडळाची इज्जत बिघडते. ज्ञानीरामच्या अन् सालेकशाच्या फोनातलंही पुसायला लावलं मी."

एकेक करून सगळे डिलीट करायला लावले. शाळेत पाटी पुसून घ्यायचा तसा. वर म्हणाला, "तो कचऱ्याचा डबाही रिकामा कर. मले माहीत हाय, त्याच्यातून परत काढता येते."

एवढंच त्याला कॉम्प्युटरचं येत होतं. नेमकं एवढंच.

मीही फार भांडलो नाही. लॅपटॉप भरला होता, जागा पाहिजे होती. आता त्यावर जागाच जागा आहे.

त्यानंतर मूळ ठेवायचंच नाही, असं ठरलं. रविवारी रेकॉर्ड करायचं, साफ करायचं, मूळ पुसायचं.

*

माघात एक दिवस मिल बंद होती. बाबा माझ्या खोलीत आले. चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "तू काय करत राहतोस, ऐकव मले."

मी मागच्या रविवारचं भजन लावलं. हेडफोन त्यांच्या डोक्यावर बसवला, आवाज पूर्ण वाढवला. ओठ न बघता गाणं थेट कानात येतंय, हे त्यांना नवीन होतं. त्यांनी डोळे मिटले. बाबांना डोळे मिटून भजन ऐकताना मी तेव्हाच पाहिलं. बोट मांडीवर पडत होतं. आत टाळ वाजले की जरा थांबून बोट.

भजन संपलं. हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवला.

"डोमाजी माझ्यामागं लोकाइले सांगते, मी मागं पडतो. त्याले वाटते मले कळत नाही. तू त बसून ऐकतोस. पडतो काय मी कुठं?"

"नाही बाबा. नाही पडत."

"मलेही तसंच वाटलं. बरोबर पडून राहिले." मग म्हणाले, "पण किसनचे टाळ नाही आले याच्यात."

मी म्हटलं, "काढले."

"काऊन काढले रे? ठेवायचे होते. त्याले वाईट वाटन."

*

बाबा चैत्रात गेले. माझ्याकडे चार वर्षांची एकशे बारा भजनं आहेत. एकाही भजनात बाबा नाहीत.