नापास केलेला वॉर्मर

मेश्रामभाऊ गेल्याची बातमी आमच्या रुग्णालयाच्या ग्रुपवर आली आणि पाच मिनिटांत जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. ज्यांनी या माणसाचा फोन कधी धड उचलला नाही, त्यांचेही हात जोडलेले! शोकसभेत मोठे साहेब त्यांना ‘आपले कुशल टेक्निशियन’ म्हणाले. विलास मेश्राम बायोमेडिकल इंजिनिअर होते, नागपूरहून शिकून आलेले. पण साहेबांच्या लेखी मशीन उघडणारा तो मिस्त्रीच.

सकाळी कुरखेडा, दुपारी धानोरा, डबा वाटेतल्या एखाद्या मोहाच्या झाडाखाली... मोटारसायकलवरून ते कितीतरी रुग्णालयांची मशीनं सांभाळत. आम्ही शहाणी मंडळी दसऱ्याला ऑक्सिजनच्या मशीनला हळदकुंकू वाहायचो. कुंकू जाळीत अडकून मशीन धापा टाकू लागलं, की त्यांनाच बोलवायचो. जाळी झटकत ते म्हणायचे, “बाई, याले पूजा नोको, फडकं मारा.” गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही आणि मला त्यांचा रागच यायचा.

मग मी सिस्टर आहे त्या नवजात बाळांच्या कक्षात ऊब देणारा नवा वॉर्मर आला. बाळाच्या अंगाला चिकटवायची तार तापमान मोजते, त्यावर वरचा हीटर कमीजास्त होतो. भाऊंनी ती तार आणि आपलं थर्मामीटर कोमट पाण्यात सोबत धरलं. तार दोन अंश कमी सांगत होती. म्हणजे बाळ तापलं तरी हीटर चालूच राहणार. त्यांनी मशीनवर ‘नापास’चा लाल कागद चिकटवला. दुसऱ्याच दिवशी उद्घाटन होतं.

“उद्या पाहुणे येऊन राह्यले मेश्राम. तार बदलव ना चार दिवसानं,” साहेब म्हणाले.

“चार दिवस यात कोनाचं पोरगं ठेवू साहेब? तुमच्या नातवाले ठेवता काय?”

साहेबांनी त्यांना कार्यक्रमाला यायचं नाही असं बजावलं आणि मला तो कागद काढायला सांगितलं. मी काढला. नखानं खरवडून, डिंक पुसून, अगदी टापटिपीनं.

फीत कापली, फोटो निघाले, बुंदी वाटली गेली. दुपारी जंगलाकडच्या एका गावातून पावणेदोन किलोचं बाळ आलं, गार पडलेलं. बाकीचे वॉर्मर भरलेले होते, म्हणून मी त्याला नव्यात ठेवलं. तासाभरानं आकडा साडेछत्तीसवर, अगदी हवा तिथे आला. मी निर्धास्त होऊन दुसऱ्या कामाला लागले. भाऊ सकाळपासून फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसून होते. पाहुण्यांच्या गाड्या गेल्यावर ते तडक आत आले, बाळाच्या पाठीखाली हात घातला आणि ओरडून मला बोलावलं. पाठ लालबुंद, श्वास धावतोय... आम्ही हीटर बंद केला, डॉक्टरांना बोलावलं. बाळ वाचलं. भाऊ मला एवढंच म्हणाले, “आकडा काय पाहून राह्यल्या बाई, पोराले पाहा ना.”

बक्षीस म्हणून त्यांना नोटीस मिळाली, परवानगीशिवाय कक्षात शिरल्याची. त्यांच्या बाजूनं मी एक ओळ लिहून दिली नाही. साहेबांना नावं ठेवायला माझी जीभ सैल आहे, पण तेव्हा मी त्यांच्याहून वेगळी कुठे होते?

शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो कागद कोणी काढायला लावला आणि कोणी काढला, ते मी सगळ्यांसमोर सांगितलं. साहेब मोबाईलमध्ये पाहू लागले. भाऊ जिवंत असताना मी बोलले असते, तर त्याला काही किंमत होती.

हल्ली वॉर्मर कुठलाही असो, मी थोड्या थोड्या वेळानं बाळाच्या पाठीखाली हात घालते. नव्या सिस्टर हसतात. परवा एक म्हणाली, “बाई, मशीनवर बरोबर दिसून राह्यलं ना!”

“त्या रोजीबी बरोबरच दिसून राह्यलं होतं,” मी म्हटलं.