गवताच्या शिंका
नवरात्र सरलं की आमच्या माळावर गवत तुऱ्यावर येतं आणि माझ्या शिंका सुरू होतात. एक आली की थांबतच नाहीत. डोळे लाल, नाक वाहतंय, टाळू खाजतेय. आणि गवत कापायचं मलाच. आमचे हे वाशिंदला कारखान्यात पाळीला जातात, सासूबाईंचे गुडघे गेलेले. गेल्या साली मी विळा टाकून बांधावर बसले, तसे हे म्हणाले, "गवत उभंच देऊन टाकू गो व्यापाऱ्याला. तुला झेपत नाय."

उभं गवत दिलं की व्यापाऱ्याची माणसं सगळा माळ साफ करून नेतात. मग माझ्या दोन म्हशी उन्हाळ्यात काय खाणार? गवतामागोमाग म्हशी जाणार, हे मला कोणी सांगायला नको होतं. मी म्हटलं, "तुमी गप बसा. शिंकांपायी मी म्हशी विकायची नाय."

आधी सगळे घेतात तीच घेतली, मेडिकलवाल्याची बारकी गोळी. शिंका थांबल्या, पण उभ्या उभ्या पेंगायला लागले. गवताची मूठ धरली, डोळा लागला आणि विळा करंगळीवर आला. सासूबाईंनी हळद दाबली आणि दिवसभर माझा उद्धार केला.

मग नाकात घालायचे थेंब आणले. घातले की नाक लगेच मोकळं. वाटलं, सुटले बाई. म्हणून घालतच राहिले, तर पुढे पुढे थेंबांशिवाय श्वासच जाईना. शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी बाटली बघून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "हे थोडेच दिवस घालायचं असतं. यानंच आता तुमचं नाक चोंदतंय."

त्यांनी कमी झोप आणणारी गोळी दिली आणि नाकात मारायचा फवारा. गोळीनं शिंका आणि डोळ्यांची खाज कमी झाली, पण चोंदलेलं नाक काही सुटेना. फवारा मी नाक खाजलं की मारायचे, डोकं दुखलं की बाम चोळतात तसा. काडीचा फरक नाही. चिडून देव्हाऱ्यामागे टाकून दिला. निम्मं गवत उभंच व्यापाऱ्याला गेलं. चैत्रात वैरण संपली आणि एक म्हैस विकावी लागली. गोठ्यातला मोकळा खुंटा बघून मी रडले, खोटं कशाला सांगू.

वैशाखात राब भाजत होतो. पावसाआधी पालापाचोळा पसरून रोपाची जागा भाजून ठेवायची, ते काम. विकलेली म्हैस मनातून जाईना, तिथून तशीच उठून शहापूरला गेले आणि बाईंना म्हटलं, "तुमचा फवारा लागत नाय."

"कधी मारता?"

"शिंका आल्या की."

"तसा नाही मारायचा. गवत फुलायच्या आधी सुरू करायचा. रोज, शिंक असो नसो. त्याचा गुण सावकाश येतो."

परतताना राबाचा धूर अजून दिसत होता. पाऊस पडल्यावर ओल्या पाल्याला काडी लावत बसणारी बाई मी नव्हे. मग नाकाच्या बाबतीत माझी अक्कल कुठे चरायला गेली होती? असा राग आला स्वतःचा.

यंदा गणपती गेले तसा फवारा चुलीशेजारच्या फळीवर ठेवला. रोज सकाळी चहाच्या आधी मारायचा. सासूबाई विचारायच्या, "झाली का गो नाकाची पूजा?" मी म्हणायचे, "झाली." गवताला तुरे आले. शिंका आल्याच, पण मोजक्या. डोळे फारच चुरचुरले त्या दिवशी रात्री गोळी घेतली. तोंडाला फडकं बांधलं आणि कापत सुटले.

ह्यांना माझा भरवसा नव्हता. मला न विचारता व्यापाऱ्याला सांगून आले होते. एका सकाळी तो मोटरसायकलवरून आला आणि म्हणाला, "वहिनी, उभा माळ कुठला?"

मी विळ्यानंच कोपऱ्यातला तुकडा दाखवला. "तेवढाच उरलाय. तोपण आज कापते. म्हशीला लागंल."

त्यानं बांधावर उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माळभर पडलेल्या गवताकडे बघितलं आणि सरळ घरात गेले. मला वाटलं, बिनसलं. व्यापारी निघून गेला, मी परत कापायला वाकले. थोड्या वेळानं शेजारून सपसप आवाज आला. हे दुसरा विळा घेऊन माझ्या बाजूला कापत होते.