कुंताचा उभा पंप

कुंता मारबतेला सायकल चालवता येत नव्हती, तरी गावात तिच्याएवढी सायकल दुसऱ्या कोणी वापरली नसेल. नवरा गोविंदा गेला तेव्हा मागे एक जाळं, चार भांडी आणि ही काळी सायकल राहिली. जाळं दिराने नेलं. सायकलला मात्र तिने कोणाला हात लावू दिला नाही. पहाटे तळ्यावर वाट्याला आलेली मासळी ओल्या बारदानात बांधून ती कॅरिअरवर टाकायची आणि हँडल धरून भद्रावतीच्या आठवडी बाजाराला पायी निघायची. वाटेत भेटणारे दात काढायचे. "बाई, बस ना वर."

"मी बसली तं मासोया पायी येतीन काय?" हे तिचं ठरलेलं उत्तर होतं. पूर्वी ती ते हसून द्यायची. सन ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला, पन्नाशी गाठल्यावर, नुसतं द्यायची.

बाजारात तिची जागा कडुनिंबाखाली. गोविंदाने धरलेली, म्हणून तिची. सावलीत मासळी टिकायची, फॅक्टरीच्या कॉलनीतल्या बाया त्याच बाजूने यायच्या, हे सगळं खरंच. पण कुंताला विचाराल तर त्या जागेचं मोल एकाच गोष्टीत होतं. पाठ टेकायला झाड होतं. आठवड्यातून एकदा, गिऱ्हाईक नसलं की, ती त्या खोडाला पाठ लावून डोळे मिटायची. एवढ्या आधारावर बाकीचे दिवस जायचे.

जागेचा नेम सगळ्यांना ठाऊक होता. चंद्रपूरची पहिली एस.टी. येईपर्यंत आलात तर जागा तुमची. नंतर जो आधी बसेल त्याची, आणि एकदा दुसरा बसला की त्याला उठवणं म्हणजे जन्माचं भांडण. मध्येच पाण्याला नाहीतर चहाला जायचं झालं तर आपली एक चप्पल जागेवर ठेवायची. चप्पल असेल तिथे कोणी बसत नसे. देवाच्या दगडालाही इतका मान बाजारात मिळाला नसता.

मागचं चाक म्हातारं झालं होतं. गावातला सायकलवाला दुकान मोडून निघून गेला, तेव्हा कुंताने वरोऱ्याच्या दुकानात जाऊन पंप मागितला. दुकानदाराने सायकलच्या दांड्याला अडकवायचा बारका पंप पुढे केला.

"हा घ्या बाई. हलका हाय. तो मोठा तुमच्यानं होनार नाई."

कुंताने बारका पंप दोन्ही हातांनी दाबून पाहिला. जाळं ओढून आणि मासे कापून तिची मनगटं कधीच कामातून गेली होती. मग तिने पायाखाली धरायचा तो उंच, उभा पंप घेतला आणि दांड्यावर ओणवी झाली. अंगाच्या भाराने दांडा आपोआप खाली गेला.

"भाऊ, मले हाच पाह्यजे. ह्याच्यावर अंग टाकता येते."

थकलेल्या बाईने पंपही कसा निवडला बघा. जोर करायचा नव्हता तिला, जोर उरलाच नव्हता.

दुकानदार माणूस बरा होता. त्याने वरचं झाकण फिरवून दांडा बाहेर काढला आणि टोकाचं वाटीसारखं कातडी वायसर दाखवलं. "ह्या पंपाचा जीव इथी हाय. हे सुकलं का हवा मागं पळते. तेल देत जा."

"कोन्तं तेल?"

"कोन्तंबी द्या."

हे 'कोन्तंबी' त्याने मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरातल्या बाईला सांगायला नको होतं. कुंताच्या घरी तेल एकच. माशाच्या पोटातली चरबी वितळवून बाटलीत भरलेलं. तेच गुडघ्याला, तेच पंपाला. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी तिने वायसरला सढळ हाताने तेल चोपडलं आणि नीट मुरावं म्हणून दांडा बाहेरच, चुलीजवळ भिंतीला टेकवून ठेवला. मांजराला एवढं आयतं ताट आजवर कोणी वाढलं नव्हतं. पहाटेच्या अंधारात कुंताने न बघताच दांडा आत सारला, झाकण आवळलं आणि पंप बारदानाला बांधून निघाली.

अर्ध्या वाटेवर मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा होता. तिने तो उपटला नाही. काटा आहे तोवर हवा हळू जाते, अधूनमधून भरत गेलं की बाजार गाठता येतो, हे गोविंदाने शिकवलेलं. तिने पंप लावला, पाय रोवले आणि दांड्यावर अंग टाकलं. दांडा सपकन खाली गेला आणि ती तोंडावर आपटता आपटता राहिली. पुन्हा दाबलं. तेच. झाकण उघडून पाहिलं तर वायसरच्या जागी कुरतडलेल्या कातड्याची चार दशा. मांजराचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला.

तेवढ्यात चंद्रपूरची एस.टी. तिच्या अंगावर धूळ उडवत पुढे गेली. कुंता रस्त्याच्या कडेला बसली आणि तिला रडू आलं. जागेसाठी नव्हे, खरं तर झाडासाठी. आता गटाराकडच्या टोकाला, उन्हात, बिनआधाराची पाठ घेऊन बसायचं. त्यापेक्षा धंदाच सोडावा आणि दिराच्या ओसरीवर पडून राहावं, असं तिला मनापासून वाटलं.

पण बारदानातली मासळी दुपारपर्यंत थांबणारी नव्हती. कुंताने नाक पुसलं आणि डाव्या पायातली चप्पल काढली. तिच्यावरचा रुंद कातडी पट्टा माशाच्या सुरीने कापून त्याचा गोल काढला, सुरीच्या टोकाने मधोमध भोक पाडलं. कातडं टणक. मग एक रोहू चिरला, पोटातली चरबी त्या गोलाला चोळचोळ चोळली आणि दांड्याला बसवून नळीत कोंबला. पहिल्यांदा नुसतंच सूं सूं झालं. मग कातडं नळीत वाकलं, वाटी झाली, आणि दांड्याने खालून तिला विरोध केला. इतका बरा विरोध तिला बऱ्याच दिवसांत कोणी केला नव्हता. चाक टणक झालं. पट्टा नसलेली चप्पल तिने बारदानात खोचली आणि एका पायाने अनवाणी वाटेला लागली. वाटेत थांबत थांबत आणखी हवा भरावी लागली, पण पंप टिकला.

बाजारात शिरताना तिने निंबाकडे बघायचं टाळलं. पण भांडण कानावर आलंच. इसरू नावाचा दुसऱ्या गावचा मासळीवाला टोपली घेऊन निंबाखाली उभा होता आणि शेजारची मीराबाई त्याला बसू देत नव्हती. बौद्ध मोहल्ल्यातली ही मीराबाई मिरच्या आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकायची. कुंताच्या मासळीचा वास आपल्या सांबाराला लागतो, म्हणून दर बाजारी कुरकुर करणारी बाई. निंबाखालच्या मोकळ्या जागेवर एक डावी चप्पल पडलेली होती.

"कुंताचीच हाय थे," मीराबाई म्हणत होती. "आली, चप्पल ठेवली अन् हवा भराले गेली. चाक बसलं होतं तिचं."

"एका पायानं कोन जाते बाई हवा भराले? कायले खोटं बोलून राह्यली?"

"मंग तूच पाह्य ना," मीराबाई म्हणाली, पण तिचा आवाज जरा बसलाच, कारण समोरून खरोखर कुंता येत होती, आणि तिच्या दोन्ही पायांत चपला असल्या तर खोटं उघडं पडणार होतं.

इसरूने आधी सायकलवरचा पंप पाहिला. मग कुंताचे पाय. उजव्यात चप्पल, डावा धुळीने पांढरा. तो टोपली उचलून गटाराकडच्या टोकाला गेला.

कुंताने सायकल खोडाला लावली, बारदान सोडलं आणि खाली बसली. पाठ झाडाला टेकली तेव्हा अख्ख्या अंगातून एक कळ निघून गेली. मीराबाईने लुगड्याखाली दडवलेला आपला अनवाणी डावा पाय हळूच पुढे घेतला. इसरूचं लक्ष होतं, तेव्हा चप्पल आता संध्याकाळपर्यंत उचलायची सोय नव्हती.

"म्या खोटं बोलली ते बोलली," ती कुजबुजली. "पन तुही चप्पल कुठी गेली व?"

"पंपात," कुंता म्हणाली आणि तिने डोळे मिटले.