उंबऱ्याबाहेरचा बूट

भिवंडीजवळच्या शेलार गावात आमच्या द्रौपदीवहिनींच्या घराचा उंबरा चप्पल घालून कोणी ओलांडल्याचं मला आठवत नाही. माझं वय आता चौऱ्याहत्तर. घर कौलारू होतं तेव्हाही नाही, आणि जमीन गोदामांना दिल्यावर दोन मजली झालं तेव्हाही नाही. त्यांच्या मुलाच्या, मनोजच्या लग्नात एक पोलीस अधिकारी जेवायला आले होते. त्यांना ओट्यावर बसवून बुटाच्या नाड्या सोडायला लावल्या. मानकोलीच्या गोदामवाल्या कंपनीचा साहेब करारावर सही घ्यायला आला, तर त्याच्या मोज्याला भोक. तो सगळा वेळ एका पायाने दुसऱ्या पायाचा अंगठा झाकत बसला, आणि वहिनींनी घातलेल्या दोन अटी धड न वाचताच मान्य करून गेला. लोक म्हणतात वहिनी हुशार. मला वाटतं उंबराच हुशार असावा.

मी लिहिणारा माणूस नाही. दुसऱ्यांनी लिहिलेलं घरोघरी पोचवण्यात माझी पोस्टमनची नोकरी संपली. हेही लिहावं की नाही, याबद्दल खात्री नाही. पण वहिनींच्या पायाच्या गोष्टीत थोडा हात माझाही आहे, आणि तेवढं सोडून सांगितलं तर गोष्ट खोटी होईल.

वहिनी म्हणजे माझा चुलतभाऊ केसरीनाथ याची बायको. केसरीनाथ जाऊन सहा वर्षं झाली. वहिनींना शुगर पंधरा वर्षांची. त्या तिला आजार मानत नसत, घरात येऊन राहिलेल्या पाहुणीसारखं तिचं थोडंफार करत. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पावसाळ्यासाठी ठेवायचे सुके बोंबील उन्हात घालायला त्या गच्चीवर गेल्या. वेळ दुपारी बाराची. गच्ची घरातच मोडते, म्हणून अनवाणी. तासभर त्या तापलेल्या लादीवर फिरल्या, आणि तळवा भाजला ते त्यांना कळलंच नाही, कारण शुगरने तळव्यातली जाण कधीच नेली होती. संध्याकाळी सुनेला, निशाला, लादीवर ओले डाग दिसले.

"आई, तुमच्या पायातून पाणी येतंय."

"माझ्या? मना काय झाला न्हाय. बोंबलाचा पानी असंल."

सुक्या बोंबलाला पाणी कुठून येणार, हे निशा बोलली नाही. सासूच्या घरात तिने बारा वर्षं काढली आहेत.

मग हळद झाली, खोबरेल झालं, कोणीतरी सांगितलेला पाला झाला. तीन महिन्यांनी अंगठ्याखाली सुपारीएवढा खड्डा पडला. भिवंडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, अंगठा काढावा लागेल, आणखी उशीर केलात तर पुढचा अर्धा पाय. मनोजने कुठून तरी चौकशी केली. ठाण्याच्या एका रुग्णालयात मधुमेही माणसांच्या पायाच्या जखमा कशा भरतात, यावर संशोधन चाललं होतं. वहिनींना त्यात घेतलं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला आणि निशाला समजावून सांगितलं. अशी जखम मलमाने भरते त्याहून जास्त तिच्यावरचा भार काढल्याने भरते. माणूस प्रत्येक पावलाला आपलीच जखम चेंगरतो, आणि दुखत नसल्यामुळे चेंगरतच राहतो. म्हणून एक बूट. राखाडी, गुडघ्याच्या थोडा खाली येणारा, चार पट्ट्यांचा. तळव्यावरचा भार तो नडगीवर घेतो. आत एक चकती बसवलेली, ती पावलं मोजते. उभं राहायचं ते बूट घालूनच, असा नियम. रोज एका वहीत लिहायचं, बूट घातला की नाही.

वहिनींना लिहिता-वाचता येत नाही. निशाला वेळ नाही. मॅडमनी विचारलं, "वही कोण भरेल?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायला मला कधी जमलेलं नाही.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी जायचो. ओट्यावर चपला काढायचो, आत जायचो, वही उघडायचो.

"वहिनी, बूट घातला?"

"घातला."

मी खूण करायचो. त्या खोटं बोलत नव्हत्या. देवळात जाताना घालत, शेजारी जाताना घालत, ठाण्याला जाताना तर पुसून घालत. आणि मी रोज माझ्या चपला त्या बुटाच्या शेजारी काढून आत जात होतो, येताना त्याच्या शेजारूनच उचलत होतो. बूट बाहेर आणि वहिनी आत, हे सहा आठवडे मला दिसत होतं. त्यात काही चुकतंय, असं एकदाही मनात आलं नाही. चुकतंय कसं वाटेल? पायताण बाहेर काढून माणूस घरात जातो, यात बघण्यासारखं काय आहे?

सहा आठवड्यांनी ठाण्याला गेलो. मॅडमनी चकतीतला आकडा संगणकावर काढला आणि त्यांचा चेहरा उजळला. बाहेरून आलेल्या तीन डॉक्टरांना त्यांनी बोलावून घेतलं.

"दिवसाला फक्त दोनशे ऐंशी पावलं! बाकीचे चार-चार हजार चालतात. पेशंट असावा तर असा."

त्या तिघांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी पदर सावरून मान खाली घातली. अशी नम्रता मी त्यांच्या लग्नातही पाहिली नव्हती.

मग पट्टी सोडली. जखम सुपारीएवढी होती, ती आता लिंबाएवढी झाली होती.

टाळ्या वाजवणारे थोडे मागे सरकले. मॅडमनी औषध बदललं, रक्त पुन्हा तपासलं, फोटो काढले. दिवसाला दोनशे ऐंशी पावलं टाकणाऱ्या बाईची जखम वाढते कशी, हे त्यांना उमगेना. शेवटी त्यांनी निशाकडे पाहिलं. "यांना घरी गोड कोण देतं?"

निशा परतीच्या वाटेवर घरात काय काय गोड आणलं ते बोटांवर मोजत होती. बोलल्या त्या वहिनी. मॅडमनी एक महिना दिला होता. महिन्यात जखम वाळली नाही तर अंगठ्यासकट पुढचा पाय काढायचा.

"पाय नेवाचा त नेवा," वहिनी गाडीत म्हणाल्या. "पन मी माझ्या घरान कोनाच्या खांद्यावर हात ठेवून न्हाय फिराची. सांगून ठेवतंय."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं.

त्या संशोधनात उन्नती नावाची एक मुलगी काम करते. राहते भिवंडीत, धामणकर नाक्याजवळ. आकड्यांवर विश्वास ठेवू नये असं तिला कोणी शिकवलं, माहीत नाही. पण पुढच्या रविवारी ती शेअर रिक्षाने शेलारला आली. मी वही घेऊन ओट्यावरच बसलो होतो. तिने सँडल काढल्या आणि तिची नजर बुटावर गेली.

"आजोबा, आजी झोपल्यात का?"

"नाही. भाकऱ्या करतायत."

"उभ्या राहून?"

"गॅसचा ओटा उंच आहे ना," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बुटाकडे. मग माझ्या मांडीवरच्या वहीकडे. मी वही मिटली ती तेव्हा.

ती तशीच स्वयंपाकघरात गेली. वहिनी अनवाणी, पट्टीच्या पायाने गॅसजवळ उभ्या. तांदळाच्या भाकरीला पाण्याचा हात फिरवत होत्या.

"आजी, बूट बाहेर का?"

"मंग कया ठेवाचा? देव्हाऱ्यान?"

"पायात. घरात पण पायात ठेवायचा."

वहिनींनी भाकरी उलटली आणि तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने अंघोळ रस्त्यावर करायला सांगितली. "पोरी, तुझी आई घरान चपला घालून रांधते?"

"नाही घालत."

"मंग?"

"माझ्या आईच्या पायाला खड्डा नाही, आजी."

"घरान मी चालतंयच कया? चूल, मोरी, देव. बसूनच त असतंय."

उन्नती भांडली नाही. तिने पिशवीतून तशीच एक चकती काढली, पट्टीने वहिनींच्या घोट्याला बांधली आणि म्हणाली, एक दिवस असू दे. दुसऱ्या दिवशी ती आकडा घेऊन गेली. बसूनच असणाऱ्या आमच्या वहिनी घरातल्या घरात पाच हजार सहाशे पावलं चालल्या होत्या. निशाने आकडा ऐकला आणि पहिल्यांदा हसली. "मी बारा वर्षं सांगतेय, या बसत नाहीत."

मॅडमनी तातडीने बोलावून घेतलं. मलाही. मी वही पिशवीत खाली दडवून नेली होती, ती त्यांनी मागून घेतली. पहिल्या सहा आठवड्यांच्या बेचाळीस खुणा, एका ओळीत, सगळ्या माझ्या अक्षरातल्या. त्यांनी पानं उलटली आणि वही मिटून मला परत दिली. ते ओरडण्याहून जास्त लागलं. मग त्या वहिनींवर घसरल्या.

"सहा आठवडे तुम्ही माझी फसवणूक केलीत. बूट कुठे आहे आत्ता?"

"बाहेर."

"बाहेर? इथेसुद्धा? जखमेच्या दवाखान्यात अनवाणी?"

"तुमीच त लिवलाय," वहिनी म्हणाल्या. "मना वाचता येत न्हाय, पन चपलेचा चित्र कलला. लाल फुली मारलेली."

मॅडम उठून दारापर्यंत गेल्या. दाराला पाटी होती. कृपया पादत्राणे बाहेर काढावीत. खाली चपलेचं चित्र, वर लाल फुली. बाहेर रांगेत आठ-दहा जोड आणि त्यांच्यामध्ये चार राखाडी बूट. एक आमच्या वहिनींचा. तीन दुसऱ्यांचे.

मॅडमनी ते बूट मोजले. पाटी त्यांनी स्वतः काढली. चिकटवलेली होती, कोपरा तुटला.

परत येऊन बसल्या तेव्हा आवाज उतरला होता. "आजी, घरात बूट घालाल?"

"न्हाय."

"पाय जाईल."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान हलली ती नाही अशीच. घर की पाय असं कोणी विचारलं तर कोणी काय सांगावं, मला कळत नाही.

तेव्हा उन्नतीने हळूच विचारलं, "मॅडम, बूट काढताच आला नाही तर?"

मग त्यांनी केलं ते असं. तोच बूट आणला, वहिनींच्या पायात चढवला, पट्ट्या आवळल्या आणि त्यावरून ओलं प्लास्टर गुंडाळलं. अर्ध्या तासात बूट दिसेनासा झाला. पांढरा, हाड मोडल्यावर घालतात तसा पाय. प्लास्टर दर आठवड्याला कापून जखम बघायची आणि पुन्हा गुंडाळायचं. वहिनी निरखून बघत होत्या.

"यो प्लास्टर हाय?"

"प्लास्टर आहे."

"चप्पल न्हाय."

"नाही, आजी."

"आई, आत तोच बूट आहे," निशा बोलून गेली.

"आत काय हाय ते देव बघंल," वहिनी म्हणाल्या. "वरून प्लास्टर हाय."

त्या पायाने त्या उंबरा ओलांडून घरात गेल्या, स्वयंपाकघरात गेल्या, देव्हाऱ्यासमोर उभ्या राहून हात जोडले. अकरा आठवडे. ठाण्याच्या रस्त्यावरची धूळ त्या प्लास्टरवर दिसत होती, ती निशा रोज ओल्या फडक्याने पुसायची. दारात चप्पल घालून आलेल्या गॅसवाल्यावर मात्र वहिनी तशाच ओरडत होत्या.

जखम लिंबाची सुपारी झाली, सुपारीची वाटाण्याएवढी झाली, आणि शेवटच्या वेळी प्लास्टर कापलं तेव्हा तिथे फक्त गुलाबी, पातळ कातडी होती. पाचही बोटं जागेवर. निशा रडली. वहिनी पायाकडे बघत म्हणाल्या, "गोरा झाला."

संशोधनात मात्र ही जखम भरलेली धरली नाही. उन्नतीने मला समजावलं. वहिनींनी नियम मोडला तेव्हाच त्या गटातून बाद झाल्या, त्यामुळे बऱ्या झाल्या ते मोजायचं नाही. चुकल्या ते सहा आठवडे मात्र मोजणार. मॅडम आता त्याच्यावर वेगळा लेख लिहीत आहेत, लोक घरात बूट का काढतात यावर. मी म्हटलं, यात शोधण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, "आजोबा, तुम्हीच बेचाळीस खुणा केल्यात ना?"

बूट गेला. आता मऊ तळाच्या चपला आहेत, घरात घालायच्या, कायमच्या. मॅडमनी बजावलंय, कातडी नवी आहे, अनवाणी फिरलात तर दोन महिन्यांत फाटेल, आणि पुढच्या वेळी पाय वाचायचा नाही. पहिल्या दिवशी वहिनी त्या चपला घालून उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. मी मागे, निशा आत.

"याच्यावर प्लास्टर न्हाय लावत?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई."

त्यांनी चौकटीला हात टेकवला. मग एक पाऊल आत टाकलं, दुसरं टाकलं, आणि वळून माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "भावोजी, तुमी काढा."

घरभर त्या आता चपला घालून फिरतात. फक्त देव्हाऱ्याच्या खोलीच्या दाराशी काढतात. मॅडमनी तेही करायचं नाही म्हणून सांगितलंय. निशा ओरडली, उन्नती फोनवरून ओरडली. वहिनी ऐकत नाहीत. म्हणून वही चालूच आहे, आता अनवाणी पावलांची.

"किती पावला त?" काल संध्याकाळी मी वही उघडली तेव्हा त्या म्हणाल्या. "तीन. तीन पावला लिवा, भावोजी. आता खोटा न्हाय लिवाचा."

मी दारातून पाहिलं होतं. जाताना सात आणि येताना सात. वहिनींना वाचता येत नाही. मी चौदा लिहिली.