धोंड्याचं दुसरं वाण

अधिक महिना लागला की माझ्या आईच्या अंगात दहा हत्तींचं बळ येतं. दर तीन वर्षांनी येणारा हा धोंड्याचा महिना म्हणजे जावयांची चंगळ: तेहतीस अनारशांचं वाण, त्यावर दिवा, कपडे, पुरणाचं जेवण. जावई त्या दिवशी साक्षात नारायण. आमचा नारायण पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाउस चालवतो. ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी. मानपानाच्या बाबतीत फार हळवे. एका लग्नात त्यांना टॉवेल-टोपी द्यायची राहिली, तर पुढे वर्षभर ते आमच्याकडे चहासुद्धा अर्धाच प्यायचे.

मी धाकटी. माझ्या घरी नारायण नाही. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये मी आणि ती, नऊ वर्षं झाली. कायद्यानं आम्हाला गुन्ह्यातून सोडवलं, पण लग्नाच्या कागदावर अजून घेतलेलं नाही. ती एका शाळेत पीटी शिकवते. तिथे तिनं मला आतेबहीण करून टाकलंय, आणि आता स्टाफरूममधल्या बायका तिच्या नसलेल्या आत्याच्या मोतीबिंदूची चौकशी करतात. आम्ही घरी हसतो, पण नोकरी जायची भीती खरीच आहे.

आईला मात्र मी सरळ सांगितलं होतं, ही नुसती मैत्रीण नाही, माझी जोडीदार आहे. आई म्हणाली, "बरं. वरणाला फोडणी घालते." विषय बंद. मागच्या धोंड्याला आईनं मला एकटीलाच जेवायला बोलावलं आणि निघताना हातात डबा दिला, "तिला दे." डब्यात चार अनारसे होते. तिनं ते हसत खाल्ले, खुसखुशीत झालेत म्हणाली. मला इतका राग आला होता की महिनाभर मी डबा परत केला नाही.

यंदा सकाळीच आईचा फोन. "अनारशांचे तांदूळ भिजत घालायचेत. तीन दिवस लागतात, मग आयत्या वेळी सांगू नकोस. तेहतीसचे घालू की सहासष्टचे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अगं, बोल की. ती येणारे का?"

"दाजींना काय सांगशील?"

"तेच सुचत नाहीये," आई म्हणाली. "पण तांदूळ तर आजच भिजवायला हवेत."

दाजींसाठी सफारीचं कापड ठरलेलं. तिला काय घ्यावं यावर मेन रोडच्या दुकानात तासभर खल झाला. ती साडी नेसत नाही, आणि शर्टपीस आईला बरं दिसेना. शेवटी ट्रॅकसूट घेतला, आणि आईनं त्यालाही हळदकुंकवाचं बोट लावलं.

रविवारी दोन पाट शेजारी शेजारी मांडले होते. दाजी एकावर बसले, दुसऱ्याकडे पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला. ताई उगाचच रांगोळी नीट करत राहिली. माझ्याबरोबर आलेली ती चपला काढून दारातच उभी. मला वाटलं, आता दाजी उठणार. ते उठून गेले असते तर आईला पुन्हा कधी धीर झाला नसता, हे मला पक्कं माहीत होतं.

आईनं तिचा हात धरून तिला पाटावर बसवलं. ओवाळलं, वाणाचं ताट दिव्यासकट हातात दिलं. सवयीनं ती ताट बाजूला ठेवून आईच्या पाया पडायला वाकली.

"थांब," आई म्हणाली. "आज तू नाही वाकायचं. आज मी वाकायचं असतं."

आणि गुडघ्यांवर हात टेकत आई खरंच वाकली. ती एवढी घाबरली की तिनं पाय पोटाशी ओढून घेतले. मला रडू आवरेना.

तेवढ्यात शेजारच्या पाटावरून दाजी बोलले.

"पडू द्या हो पाया, साडू. पहिल्या टायमाला लय अवघड वाटतं. मंग सवय व्हती."